धुऱ्यावरची बोरी : प्रेमाच्या गाण्याचा अर्थ कसा लावायचा

आधी ही ओवी दोनदा मोठ्याने वाचा. सरावासाठी ती जुन्या साच्यात नव्याने रचली आहे, कोण्या गावातून गोळा केलेली नाही. पुढे येणाऱ्या ओव्याही तशाच आहेत.

धुऱ्यावरची बोरी, सये, तिले दोन घरचं पानी
कोन्या वावराची म्हनू, सांग तूच माया धनी

पहिल्यांदा ऐकणारा बहुधा असा अर्थ लावतो: धुरा म्हणजे दोन वावरांच्या, म्हणजे शेतांच्या, मधली जागा, म्हणजे चोरून भेटायचं ठिकाण. दोन घरचं पाणी म्हणजे दोन पुरुष. बाई नवरा आणि शेजारचा गडी यांच्यात अडकली आहे. अर्थ झणझणीत आहे, ऐकवला तर चार जण मान डोलावतात, आणि तो चुकीचा आहे. तो का चुकतो हे ओवीतल्या शब्दांवरूनच दाखवता येतं. पण त्यासाठी आधी गाणं नीट कागदावर यावं लागतं, त्याची बोली कळावी लागते, बोलणारं कोण ते ठरवावं लागतं, आणि ते कोणत्या कामाच्या वेळी म्हणतात हे माहीत असावं लागतं. क्रम हाच ठेवा. अर्थ सुचला म्हणून मधूनच सुरुवात केली, की पुढचा प्रत्येक शब्द त्या अर्थाच्या मापाने कापला जातो.

गाणं कागदावर उतरवताना

मोबाईलवर ध्वनिमुद्रण करा, पण आधी विचारून. म्हणणारीच्या तोंडापासून दीड-दोन हातांवर फोन ठेवला, पंखा बंद केला आणि कोंबड्या-पोरं जरा लांब पाठवली, की पुरेसं स्वच्छ येतं. जातं खरोखर फिरत असेल तर फोन जात्याच्या पाळीवर ठेवू नका. घरघर शब्द खाऊन टाकते.

नंतर तीनदा ऐका. पहिल्या वेळी लिहायचं नाही, नुसतं ऐकायचं. दुसऱ्या वेळी वीस-तीस सेकंदांचे तुकडे करून जसं कानावर पडलं तसं उतरवायचं. तिसऱ्या वेळी फक्त सांधे तपासायचे, म्हणजे एक शब्द कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो ते. चालीवर म्हणताना शब्द मधूनच तुटतो आणि पुढच्या ओळीला चिकटतो, म्हणून सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. तीन मिनिटांच्या गाण्याला तास-दीड तास धरून चला.

पानाचे तीन उभे भाग पाडा: डावीकडे जशीच्या तशी ओळ, मधे तिचा साधा अर्थ, उजवीकडे शंका. शंकेची जागा सर्वांत रुंद ठेवा. डावीकडच्या भागात काहीही ‘शुद्ध’ करू नका. ‘पानी’ ऐकू आलं तर ‘पानी’च लिहा. शाळेतलं शुद्धलेखन लावलं की पुढे ज्या खुणांवरून अर्थ उलगडणार असतो त्याच पुसल्या जातात.

मग भरीचे शब्द गोल करा: बाई, सये, गं, रं, जी, हो. हे बहुतेकदा मात्रा भरायला आणि दम घ्यायला असतात. ‘बाई’ आलं म्हणजे समोर बाई बसली आहे असं नाही. पुन्हापुन्हा येणाऱ्या ओळीचंही तसंच. जात्यावर पहिली ओळ दोनदा म्हणतात ती बऱ्याचदा एक हात दाणे टाकत असतो म्हणून, किंवा दुसरी ओळ आठवेपर्यंत वेळ हवा म्हणून. त्या पुनरुक्तीतून ‘भावनेची उत्कटता’ काढू नका. गाण्याचा टेक, म्हणजे प्रत्येक कडव्यानंतर झिलकरी उचलतात ती ओळ, मात्र वेगळी गोष्ट आहे. टेक तोच राहतो आणि मागचं कडवं बदलतं, त्यामुळे त्याच शब्दांचा अर्थ दर वेळी थोडा सरकतो. प्रत्येक फेरीला टेकासमोर त्या वेळचा अर्थ वेगळा लिहा. पहिल्या फेरीत लाडाने म्हटलेला ‘जा’ शेवटच्या फेरीत खरा ‘जा’ झालेला आढळतो.

बोलीचे सापळे

विदर्भातल्या गाण्याचा अर्थ चुकण्याचं सर्वांत मोठं कारण बोली. शब्द अनोळखी असला तर माणूस विचारतो तरी. ओळखीचा वाटणारा शब्द जास्त फसवतो.

वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो. डोळा तो डोया, गळा तो गया, काळा तो काया. आता प्रमाण मराठीत ‘काया’ म्हणजे देह. ‘काया सजन’ ऐकून देहाच्या सौंदर्यावर अर्धं पान लिहिलं जातं, आणि गाणारी बिचारी एवढंच सांगत असते की तिचा माणूस रंगाने काळा आहे. ‘गयात माय’ म्हणजे गळ्यात माळ. पण ‘माय’ वाचून आईचा गळा, आईची मिठी असा अर्थ लावला की लग्नाचं गाणं माहेरच्या आठवणीचं होऊन बसतं. ‘माया’ म्हणजे माझा, माझ्या. जीव लावण्याची माया नव्हे. अर्थात तीही असू शकते, म्हणून पुढचा शब्द पाहायचा: ‘माया धनी’, ‘माया दादा’ असं पुढे नातं आलं तर ते ‘माझा’.

क्रियापदं त्याहून अवघड. वऱ्हाडीत ‘तो येईल’चं ‘तो येईन’ होतं. कर्ता गाळलेल्या ओळीत ‘येईन’ आलं की प्रमाण मराठीचा वाचक ते ‘मी येईन’ समजतो आणि वाट पाहणारी बाई त्याच्या वाचनात वाट चालू लागते. भूतकाळात उलटा घोळ: इकडे पुष्कळ बाया ‘मी गेली होती’ म्हणतात, ‘गेले होते’ म्हणत नाहीत. म्हणजे ‘पान्याले गेली’ या ओळीत ‘ती गेली’ की ‘मी गेली’, हे त्या एका शब्दावरून ठरत नाही. आजूबाजूच्या दोन ओळी पाहाव्या लागतात. ‘मले’, ‘तुले’, ‘तिले’ ही रूपं मला-तुला-तिला यांची आहेत, ‘कायले’ म्हणजे कशाला.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडच्या झाडीबोलीत ‘ळ’चा ‘र’ होतो: डोळा तिथे डोरा, काळा तिथे कारा. म्हणून तेच गाणं अकोल्याकडे आणि भंडाऱ्यातल्या साकोलीकडे वेगळ्या ध्वनींनी येतं, आणि दोन्ही पाठ, म्हणजे म्हणण्याच्या दोन्ही तऱ्हा, समोर ठेवले की एकातला गोंधळ दुसऱ्यात सुटतो. एकीकडे ‘काया’ आणि दुसरीकडे ‘कारा’ मिळालं, तर मूळ शब्द काळा हे पक्कं. गोंडी आणि माडिया गाण्यांना ही युक्ती चालत नाही. त्या मराठीच्या बोली नाहीत, स्वतंत्र भाषा आहेत. ‘रे रेला’च्या टेकावर म्हटलेल्या गाण्याचा मराठी अनुवाद हाती आला तर त्याचा अर्थ लावू नका, गोंडी बोलणाऱ्या माणसाजवळ बसून मूळ ओळ शब्दशः फोडून घ्या.

शेतीचे शब्दही तपासा. ‘तास’ म्हणजे घड्याळाचा तास नव्हे, पिकाची ओळ. कापूस वेचताना बाया शेजारशेजारच्या तासांनी पुढे सरकतात. ‘एक तास मांगं राह्यली’ याचा अर्थ ती एक ओळ मागे पडली. कोणासाठी रेंगाळली हे गाण्यात पुढे असतं किंवा मुद्दाम नसतं. वावर, धुरा, बंडी, डवरा, तिफण हे शब्द तिथल्या कास्तकाराकडूनच समजून घ्या.

बोलतंय कोण, आणि कोणाला

प्रत्येक ओळीसमोर दोन गोष्टी लिहा: बोलणारं कोण, ऐकणारं कोण. एका गाण्यात हे जितक्यांदा बदलेल तितक्यांदा रेघ मारा. सवाल-जवाबाच्या गाण्यात, किंवा खडी गंमत, दंडार अशा इकडच्या लोकनाट्यांत दोन आवाज आलटून पालटून येतात, आणि कागदावर ते एकाखाली एक लिहिले की एकाच माणसाचं बोलणं वाटतं. मग ‘हिचं मन स्थिर नाही’ असा निष्कर्ष निघतो. मन स्थिर आहे. माणसं दोन आहेत. कलगी-तुऱ्यात, म्हणजे शाहिरांच्या दोन पक्षांच्या सवाल-जवाबात, तर प्रेमाच्या शब्दांत चाललेला सामना तत्त्वज्ञानाचा असू शकतो: तुरेवाले शिवाचा पक्ष घेतात, कलगीवाले शक्तीचा. तिथली ‘नार’ आणि ‘पुरुष’ गल्लीतल्या दोघांची नावं आहेत असं समजून अर्थ लावला तर पुढचं कोडं कधीच सुटणार नाही.

कवी, गाणारा आणि गाण्यातला बोलणारा हे तिघे वेगळे असतात, हेही विसरू नका. मेहकरचे ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांच्या आवाजात घराघरांत पोचली. लिहिणारा पुरुष, गाणारा पुरुष, आणि कवितेत बोलणारी मात्र शीळ ऐकून राहवत नसलेली बाई. कवीच्या चरित्रात त्या बाईचा पत्ता शोधत बसण्यापेक्षा, ती काय ऐकते आणि काय बोलत नाही हे पाहिलेलं बरं.

बायांच्या ओव्यांत नवऱ्याचं नाव सहसा येत नाही. नाव घ्यायचं ते उखाण्यात, चारचौघांत, आग्रह झाल्यावर. एरवी तो धनी असतो, हवशा असतो, कंथ असतो, किंवा वस्तूच्या आड असतो: चुडा, कपाळीचं कुंकू. ‘चुडा माझा पिचला’ ही बांगडी फुटल्याची तक्रार नाही. मैना म्हणजे लेक, हिरा-मोती म्हणजे बहुधा लेक किंवा भाऊ. राघू मात्र दोन्हीकडे जातो. कधी मुलगा, कधी नवरा. राघू ‘मांडीवर’ असेल तर मुलगा, ‘परदेसी’ असेल तर दोन्ही शक्य, आणि मग पुढच्या ओळीवर निर्णय सोडायचा.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते. प्रेमाचं गाणं म्हणजे नवरा-बायकोचं किंवा प्रियकर-प्रेयसीचंच गाणं, ही सिनेमाने घातलेली सवय आहे. जात्यावर माय आणि भाऊ यांच्यावर भरभरून ओव्या आहेत, आणि त्यांची भाषा इतकी ओढीची असते की बाहेरचा वाचक भावालाच प्रियकर समजतो. ‘वाटेकडे डोये’ लागले म्हणजे सजणच येणार असं नाही. दिवाळीला न्यायला येणारा भाऊ असू शकतो. भुलाबाईच्या गाण्यांतही, जी भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली म्हणतात, शिव-पार्वती हे भुलोजी-भुलाबाई होऊन येतात, पण जीव अडकलेला असतो तो बहुतांशी सासर-माहेरच्या वाटेवर.

काम, महिना, हवा

हे गाणं हात कशात गुंतलेले असताना म्हणतात, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. बाराव्या शतकातला चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ‘मानसोल्लास’ ग्रंथात नोंदवून ठेवलं आहे की महाराष्ट्रात बाया कांडताना ओवी गातात. म्हणजे ओवीला कामाची जोड किमान 900 वर्षांची आहे, आणि कामानेच तिचा आवाज ठरतो. पहाटेच्या जात्यावर घर झोपलेलं असतं, ऐकणारी असलीच तर समोर बसलेली जाऊ किंवा सखी. म्हणून तिथे मनातलं निघतं. वेचणीच्या गाण्यात दहा बाया ऐकत असतात, चिडवणं जास्त, कबुली कमी. हळदीच्या मांडवात तीच ओळ विहिणीला टोमणा होते.

मग महिना. ही ओवी पाहा:

कवा उगन पाडवा, सये, गुढी लागन दारी
सालाचा बैल सुटन, येईन आपल्या घरी

सणाचं आणि बैलाचं गाणं वाटतं. पण विदर्भात सालगड्याचा, म्हणजे वर्षाच्या बोलीवर मालकाकडे राबणाऱ्या गड्याचा, करार गुढीपाडव्याला संपतो आणि नवा होतो. ‘सालाचा बैल’ म्हणजे वर्षभर मालकाच्या वाड्यावर बांधलेला नवरा. दावं सुटेल तेव्हा तो घरी येईल. ‘येईन’ म्हणजे येईल, हे वर आलंच. पाडव्याची ही बाजू माहीत नसेल तर या दोन ओळींतला विरह दिसतच नाही. तिने नवऱ्याला बैल म्हटलं यात उपहास शोधू नका; कास्तकाराच्या घरात बैलाइतकं जपलेलं दुसरं काही नसतं. पोळ्याला त्याची खांदशेकणी होते, म्हणजे जूं वाहिलेले खांदे शेकतात, त्याला सजवून पुरणपोळी खाऊ घालतात. राबणं आणि माया या दोन्ही गोष्टी त्या एका शब्दात आहेत, आणि अर्थ लिहिताना दोन्ही आल्या पाहिजेत.

दुसरी:

झड लागली, सये, पानी गयते वसरीत
सुखाचा दाना आज मावेना सुपलीत

वसरी म्हणजे ओसरी. छप्पर गळतं आहे, मग सुख कशाचं? इथे वाचक थांबतो आणि ‘दुःखातही समाधानी राहणारी ग्रामीण स्त्री’ असं काहीतरी लिहून मोकळा होतो. झड म्हणजे दिवसेंदिवस न थांबणारा पाऊस. त्यात डवरणी-निंदण बंद, वावरात पाय रुततो, गडी घरी. दोन दिवस, तीन दिवस. सुख त्याचं आहे, आणि ते ती पावसाच्या नावावर सांगते. मात्र हाच शब्द रोजमजुराच्या घरच्या गाण्यात आला तर झड म्हणजे बुडालेला रोज. तिथे सुपलीत दाणाच नसतो. म्हणून ‘झड = मीलन’ असा कोष करून ठेवू नका. घर कोणाचं ते आधी पाहा.

झाडीपट्टीत, म्हणजे झाडीबोलीच्या मुलखात, मार्च-एप्रिलमध्ये मोह टपकतो. पहाटे अंधारात टोपल्या घेऊन बाया-माणसं झाडाखाली जातात. गाण्यातला ‘मोह’ शब्द पाहून थेट वासनेवर उडी मारू नका. आधी झाड, फूल, पहाट, टोपली. श्लेष असेल तर तो झाडावरूनच चढत येतो. पळस फुलतो तेव्हा अंगावर पान नसतं. होळीच्या सुमाराचं गाणं असेल तर तो रंग आणि ती उघडी फांदी, दोन्ही अर्थाला लागतात. आणि उन्हाळा: मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत चढणाऱ्या मुलखात ‘सावली’ हा शब्द जितका मोलाचा आहे तितका कोकणात किंवा घाटावर नाही. ‘तुही सावली’ हे इथे फार मोठं बोलणं आहे.

उलटं बोललेलं ओळखणं

प्रेमाच्या गाण्यात ‘ये’ म्हणजे ‘येऊ नको’ आणि ‘येऊ नको’ म्हणजे ‘ये’ असू शकतं. हे आपल्याकडे फार जुनं आहे. हाल सातवाहनाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ‘गाथासप्तशती’त, महाराष्ट्री प्राकृतातल्या सुमारे 700 गाथांमध्ये, एक बाई एका धार्मिक माणसाला सांगते: खुशाल फिर बाबा, तुला त्रास देणाऱ्या त्या कुत्र्याला आज गोदाकाठच्या झाडीत राहणाऱ्या सिंहाने मारलं. शब्दांनी परवानगी दिली आहे, पण सिंहाचं नाव ऐकून कोण फिरकेल? ती झाडी तिची भेटीची जागा आहे. तिला तो तिथे नको आहे. दुसऱ्या गाथेत घरची सून वाटसरूला दिवसाउजेडी दाखवते: इथे सासू झोपते, इथे मी, तू रातांधळा, रात्री आमच्या अंथरुणावर पडू नकोस. मनाई करता करता पत्ता दिला. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त या दोन्ही गाथा याच कामासाठी घेतल्या: वरचा अर्थ होकाराचा तर आतला नकाराचा, आणि वरचा नकाराचा तर आतला होकाराचा.

तुमच्या गाण्यात असं काही आहे का, हे तपासायची रीत त्याच गाथांमध्ये आहे. गरजेपेक्षा जास्त माहिती कुठे दिली आहे ते शोधा. परवानगीच द्यायची होती तर सिंह कुठे राहतो हे कशाला सांगितलं? मनाईच करायची होती तर ‘इथे मी’ कशाला? लोकगीतात एकेक शब्द जागा अडवून बसतो. उगाच आलेला पत्ता, वेळ, घरात कोण नाही याची यादी, हे सगळं ऐकणाऱ्यासाठी ठेवलेलं असतं. अशी जादा माहिती सापडत नसेल तर उलटा अर्थ लावू नका. नकार हा पुष्कळदा नकारच असतो, आणि प्रत्येक ‘नको’मध्ये लपलेला होकार शोधणारा वाचक गाण्यातल्या बाईवर अन्याय करतो.

देव की माणूस

सावळा, सखा, हरी, विठू हे शब्द आले की दोन गट पडतात. एक म्हणतो हे भक्तीचं, दुसरा म्हणतो नाव देवाचं पण माणूस खरा. विदर्भात ही वाटणी फार काळ टिकत नाही. माधानचे गुलाबराव महाराज (1881–1915) स्वतःला ज्ञानेश्वरांची कन्या आणि कृष्णाची पत्नी मानत. कुंकू, मंगळसूत्र धारण करीत. त्यांच्या मधुरा भक्तीत पत्नीचं बोलणं हेच साधनेचं बोलणं आहे. तिथे ‘खरा अर्थ कोणता’ हा प्रश्नच चुकीच्या जागी विचारलेला असतो.

ओवीपुरती एक कसोटी उपयोगी पडते: गाण्यात देव काय करतो? तो नुसता उभा असेल, विटेवर, कमरेवर हात, तर देव. तो रुसत असेल, उशिरा येत असेल, बाजारातून काही आणत असेल, तर देवाच्या नावाआडून घरचा माणूस बोलवला आहे. त्यातही रुक्मिणी आली की वेगळं लक्ष द्या. कौंडण्यपूर वर्धा नदीकाठी, अमरावती जिल्ह्यात. रुक्मिणी इथली लेक. भागवतात कृष्णाला निरोप धाडून ‘मला घेऊन जा’ म्हणणारी तीच. तेराव्या शतकात महानुभाव पंथातल्या महदंबेने ऋद्धपूरला गायलेल्या धवळ्यांचा, म्हणजे लग्नगीतांचा, विषयही तिचंच लग्न. म्हणून या मुलखाच्या ओवीत विठ्ठलाला जावई म्हणून चिडवलं जातं, आणि रखुमाईचा रुसवा म्हणजे सासरी गेलेल्या आपल्या लेकीचा रुसवा. पंढरपूरच्या बाजूने वाचलं तर ती देवी दिसते, कौंडण्यपूरच्या बाजूने वाचलं तर माहेरवाशीण.

गझल आणि सिनेमाचं गाणं

यांची रीत निराळी आहे, थोडक्यात सांगतो. अमरावतीच्या सुरेश भटांनी (1932–2003) मराठीत रुजवलेल्या गझलेत प्रत्येक शेर दोन ओळींत पुरा होतो. पहिल्या शेरातली ‘ती’ आणि चौथ्यातली ‘ती’ एकच आहे असं धरून गोष्ट विणू नका. शेर सुटा वाचा, रदीफ, म्हणजे शेराच्या शेवटी परत परत येणारा शब्द, प्रत्येक वेळी काय वेगळं करतो तेवढं पाहा. सिनेमाच्या गाण्यात प्रसंग आधी असतो आणि बऱ्याचदा चालही आधी, म्हणून एखादा शब्द अर्थासाठी नव्हे तर मात्रेसाठी बसलेला असतो. अंतऱ्यात जास्त अर्थ मिळतो, मुखड्यात कमी. मोबाईलवर आपोआप उमटणाऱ्या ओळींवर विसंबू नका. वऱ्हाडी त्यांना कळत नाही.

विचारायचं कसं

गाणारीला ‘याचा अर्थ काय?’ असं विचारलं की ती गप्प होते किंवा शाळेतल्यासारखं काहीतरी सांगते. त्याऐवजी विचारा: हे कोण म्हणते? कोणाले म्हणते? घरात सासरा असला तर म्हनता का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सर्वांत जास्त कामाचं. सासऱ्यासमोर न म्हणण्याचं गाणं असेल तर आत काहीतरी आहे, आणि ते कुठल्या शब्दात आहे हे ती हसते त्या जागेवरून कळतं. ध्वनिमुद्रणात हसू आलं असेल तर कागदावर त्या जागी खूण करा.

किमान दोन गावांतले पाठ घ्या आणि साठीच्या पुढच्या दोन-तीन जणींना वेगवेगळं विचारा, एकत्र बसवून नाही. एकत्र असल्या की पहिली बोललेली ती सगळ्यांचं मत होते. पाठांत कोणता शब्द बदलत नाही ते पाहा. बाकी सगळं बदलून जो शब्द सगळीकडे टिकला, त्यावर गाणं उभं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी जमवलेल्या एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या ‘परी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संस्थेच्या संकेतस्थळावर टप्प्याटप्प्याने येत आहेत, एकाच कल्पनेच्या किती तऱ्हा असतात हे कळायला त्यांतल्या पन्नासेक सलग ऐकाव्या. कोणाचं नाव, गाव, घरची भानगड लिहिण्याआधी तिला विचारा, आणि ती नाही म्हणाली तर नाही.

आता बोरी

‘माया धनी’ म्हणजे माझा धनी. ‘सये’ इथे भरीचा शब्दही आहे आणि समोरची सखीही. पहिली ओळ सखीला सांगितली आहे, दुसरी धन्याला विचारली आहे, आणि धनी जात्यापाशी नाही. म्हणजे हा प्रश्न तिने त्याला कधी विचारलेला नाही.

दोन पुरुषांचा अर्थ इथेच ढासळतो: दुसऱ्या कुणाचं असणं धन्यालाच कोण विचारेल? शिवाय ओवीत ‘दोन घरचं’ आहे. बायांच्या गाण्यात दोन घरं म्हणजे माहेर आणि सासर. बोरी कोणी लावत नाही, धुऱ्यावर आपोआप उगवते. दोन्ही वावरांचं पाणी तिच्या मुळाशी उतरतं, दोन्ही घरची पोरं बोरं खातात, आणि सातबाऱ्यावर ती कुणाच्याच नावाने नसते. ती बाई स्वतः आहे. दोन्ही घरी राबली, दोन्ही घरांना फळली, आणि दोन्हीकडे परकी. ‘सांग तूच’ मधला ‘तूच’ सगळ्यांत महत्त्वाचा: माहेरच्यांनी सांगून उपयोग नाही, सासूने सांगून नाही, ‘माझी’ हा शब्द तिला त्याच्याच तोंडून हवा आहे. प्रेमाचं गाणं आहे ते एवढ्यासाठी.

अर्थ लिहिताना इतकंच लिहा, चार-पाच वाक्यांत, आणि प्रत्येक वाक्याखाली ज्या शब्दावर ते उभं आहे तो शब्द अधोरेखित करा. ज्या वाक्याखाली शब्द सापडत नाही ते काढून टाका, कितीही आवडलं असलं तरी. दोन अर्थ शेवटपर्यंत टिकले तर दोन्ही ठेवा, आणि कोणत्या गावच्या पाठात कोणता जड पडतो ते बाजूला नोंदवा. मग ते पान घेऊन गाणारीकडे परत जा, तिला वाचून दाखवा, आणि ती मधे कुठे थांबवते ते लिहून घ्या.